वाचक विचारतात : भिंतीवरचा हेन्री आयर्विंग खरा की झेरॉक्स?

प्रश्न : लंडनला भाचीकडे गेलो होतो तेव्हा जुन्या बाजारातून नट हेन्री आयर्विंगचं रंगीत व्यंगचित्र आणलं, खाली कोपऱ्यात 'एप' अशी सही आहे. हे ओरिजिनल असेल का हो?

उत्तर : असू शकतं, दादा! एप म्हणजे कार्लो पेलेग्रिनी, मूळचा इटालियन, 'व्हॅनिटी फेअर' या लंडनच्या साप्ताहिकासाठी काढायचा. 'द बेल्स' नाटकातल्या भूमिकेतला त्याचा आयर्विंग 1874 च्या डिसेंबरात आला, म्हणजे नटाला 1895 मध्ये सर ही पदवी मिळायच्या वीसहून जास्त वर्षं आधी. (नाटकवाल्याला नाइटहुड, तेव्हा लोकांना केवढं नवल वाटलं असेल!)

आता बघायचं कसं, तर दहापट भिंग घ्या आणि गालावरचा रंग बघा, ही लिथोग्राफ असायची, दगडावरून एकेक रंग चढवलेली, म्हणून रंग दाणेदार, वेडावाकडा दिसतो, पण ठिपके एकदम शिस्तीत रांगेत बसलेले दिसले की समजा हे नंतरचं ऑफसेट छापील आहे. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं, ते दिसतंय का बघा, फ्रेमच्या माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) लपलेलं असतं बरेचदा.

आणि कृपा करून लॅमिनेट करू नका, मागे सेलोटेपही नको! फ्रेमवाल्याला अ‍ॅसिड-फ्री माउंट सांगा, अन् ऊन येतं ती भिंत सोडून लावा.