३९ मोठे की ४१?

“मॅडम, रोज अर्धा तास घेऊन बसते. तरी एकोणचाळीस मोठे की एक्केचाळीस, असं विचारलं की ही एकोणचाळीसच म्हणते. शंभरपर्यंत घडाघडा म्हणून दाखवते, मग एवढं का येत नाही? डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे ती गणित शिकण्यातली अडचण म्हणतात, ती तर नसेल ना?”

मुलगी साडेसहा वर्षांची. आई बोलत होती तोवर ती फ्रॉकचं बटण पिरगाळत बसली होती. लहान-मोठी संख्या आणि चढता-उतरता क्रम यांवरून अशीच काळजी घेऊन माझ्याकडे बरेच पालक येतात.

आधी मी सात-सात बटणांच्या दोन ओळी मांडल्या. मग तिच्यासमोरच एक ओळ लांबवली. ओळ लांब झाली म्हणजे बटणं वाढली, असं लहान मुलांना वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी दाखवून दिलं होतं. हिने मात्र लगेच सांगितलं, “सारखीच आहेत. तुम्ही नुसती लांब ठेवलीत.” मला हायसं वाटलं.

मग म्हटलं, “एकोणचाळीस लिही बघू.” तिने ४९ लिहिलं.

आई कपाळाला हात लावणार तेवढ्यात मी तिला थांबवलं. ती तोंडी विचारत होती, आणि मुलीला ऐकू येत होतं फक्त ‘चाळीस’. तिच्या मनात ४९ होते, आणि ते ४१ पेक्षा मोठेच आहेत! ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पंचवीसही ती ५२ लिहायची. आपण बोलताना आधी एकक बोलतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो. जर्मन भाषेतही असंच आहे, आणि तिथली मुलंही इथेच अडखळतात. घडाघडा म्हणणं कवितेसारखं पाठ होतं. त्यातून कुठली संख्या केवढी, हे कळतंच असं नाही.

पुढे ३९ आणि ४१ अशी दोन कार्डं ठेवली. तरी बोट ३९ वरच.

“कशावरून गं?”

“यात नऊ आहे ना. नऊ सगळ्यात मोठा.”

एक अंकी संख्यांसाठी हा नियम अगदी बरोबर आहे. तिने तो पुढेही लावला, म्हणजे ती विचार करत होती. फक्त अंकांमागचा ढीग तिने कधी पाहिला नव्हता.

मी काड्या आणि रबरबँड दिले. तिने ४१ साठी दहा-दहाचे चार गठ्ठे बांधले, एक काडी सुटी ठेवली. ३९ साठी तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या. नऊ काड्यांवर हात ठेवून ती बराच वेळ गप्प होती. मग पेटीतली एक काडी घेऊन तिने त्यांत घातली, रबरबँड चढवलं आणि म्हणाली, “आता चाळीस झाले. म्हणजे मघाशी एक कमी होती.” शेजारच्या ढिगाकडे बघत हळूच पुढे म्हणाली, “आणि इकडे एक जास्तच आहे.”

आईला मी अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटं सांगितली, वही न उघडता. दोरीला चिमट्यांनी तीन-चार संख्या अडकवायच्या आणि मधल्या कुठे येतील ते तिला ठरवू द्यायचं. उत्तर बरोबर आलं तरी “कशावरून?” विचारायचं, नुसतं चुकल्यावर विचारलं की मूल समजतं, आपलं चुकलं. १२ आणि ८० झटकन सांगते, पण जवळच्या संख्यांना वेळ लावते, ही तक्रारही सोडून द्यायची. मोठ्या माणसांनाही ८ आणि ९ मधला मोठा ओळखायला २ आणि ९ पेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. हे १९६७ मध्ये मोजलं गेलंय. आणि < > ही चिन्हं सध्या नकोत. मोठ्या संख्येकडे उघडलेलं मगरीचं तोंड मुलांच्या लक्षात राहतं, पण ‘४१ हे ३९ पेक्षा मोठे’ हे वाक्य राहत नाही. मी तरी आधी ते वाक्यच म्हणून घेते.

साडेसहाव्या वर्षी एवढ्यावरून डिस्कॅल्क्युलियाचा शिक्का मारायला माझी तयारी नसते. काही महिने असं हाताने शिकवूनही लहान ढिगांतला मोठा ओळखता आला नाही, तर मात्र तज्ज्ञांकडून तपासणी जरूर करून घ्यावी.

पाच आठवड्यांनी दोघी आल्या. मुलगीच आधी बोलली: “एकोणनव्वद म्हणतात, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी काड्यांची पेटी पुढे केली आणि म्हटलं, “चल, तुझे एकोणशंभर मांड बघू.”