वाचकांचे प्रश्न : धुक्यात उंची कोणत्या काट्यावर वाचायची?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांचे विमान २०१० मध्ये धुक्यात पडले. उंची दाखवणारी यंत्रे असताना ते जमिनीला कसे भिडले? – एक वाचक, वळिवडे

उत्तर : उंची दोन तऱ्हांनी कळते. हवेच्या दाबावर चालणारा अल्टिमीटर धावपट्टीच्या दाबावर लावला, की धावपट्टीपासूनची उंची दाखवतो. रेडिओ अल्टिमीटर मात्र विमानाच्या थेट खालच्या जमिनीपर्यंतचे अंतर सांगतो. खाली दरी आली, की आकडा फुगतो.

१० एप्रिल २०१० रोजी रशियातल्या स्मोलेन्स्कला नेमके हेच घडले. धावपट्टीच्या अलीकडे दरी होती आणि नेव्हिगेटर रेडिओ अल्टिमीटर वाचत होता. विमान उतरत होते, तशी खालची जमीनही उतरत होती. काही सेकंदांच्या अंतराने त्याने दोनदा ‘शंभर’ म्हटले. धावपट्टीपासूनची खरी उंची तोवर बरीच कमी झाली होती. तिथे आयएलएस (विमानाला धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) नव्हती, म्हणजे उताराची रेषा दाखवणारा संकेतच नव्हता. दृश्यमानता १००० मीटर हवी होती, कंट्रोलरने ४०० सांगितली होती. शंभर मीटरवर धावपट्टी दिसली नाही, की त्याच क्षणी वर उचलायचे, हा नियम. विमान सेकंदाला सात-आठ मीटर खाली येत होते, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. पाच सेकंद गेले तरी पस्तीस-चाळीस मीटर गेले. ‘पुल अप’चा (‘वर उचला’) इशारा वाजत होता. विमान धावपट्टीच्या पातळीच्याही खाली गेले, डावा पंख बर्चच्या झाडाला लागून तुटला, विमान उलटे झाले. ९६ जण गेले. आमच्या मते ते धुक्यापेक्षा उशिरा घेतलेल्या निर्णयाने गेले.

प्रश्न : पावसाळ्यात उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूर विमानतळावर, आलेले विमान कधी कधी न उतरताच परत का जाते? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पायलट घाबरतो म्हणून नव्हे. विमानतळाच्या वर १००० फूट उंचीवर येईपर्यंत दृश्यमानता ठरलेल्या किमान मर्यादेखाली असल्याचे कळले, तर पुढे उतरायचेच नाही, असा नियम आहे. मर्यादेत असली तरी ठरलेल्या उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले पाहिजेत. साध्या आयएलएसवर ही उंची २०० फूट, आयएलएस नसेल तर जास्त. म्हणूनच जेट विमान निघतानाच पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर आणखी ३० मिनिटांचे इंधन घेऊन निघते.