लाल ठिपक्याला शेपूट का फुटतं?

प्रश्न : वरळीच्या रेंजवर मित्राच्या रायफलवरच्या रेड डॉट साइटमधून (नेम धरायला लाल ठिपका दाखवणाऱ्या काचेतून) पाहिलं. त्याला ठिपका गोल दिसतो, मला शेपूटवाला, स्वल्पविरामासारखा. साइट बिघडली आहे का? वय ४४.
– एक वाचक, दादर

उत्तर : बिघाड बहुधा साइटमध्ये नाही. पुढच्या वेळी रिकामी रायफल स्टँडवर ठेवा, साइटमधून बघा आणि मान हळूच खांद्याकडे कलवा. शेपूट मानेबरोबर कललं, तर ते तुमच्या डोळ्यातलं. जागचं हललं नाही, तरच साइट तपासायला द्या.

कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, बाक सगळीकडे सारखा नसला की प्रकाशाचा बिंदू एका जागी जुळत नाही, ओढला जातो. यालाच आपण सिलिंडरचा नंबर म्हणतो. माझ्या उजव्या डोळ्याला पाऊण सिलिंडर आहे. चष्मा काढला की मरीन ड्राइव्हच्या प्रत्येक दिव्याला तिरकी रेघ फुटते. चाळिशीपर्यंत अनेकांना हे कळतही नाही, कारण दिवसा बाहुली लहान असते आणि दोष झाकला जातो.

तुमच्या वयात आणखी एक घोटाळा होतो. ठिपका काचेवर दिसतो, म्हणून लोक वाचायचा चष्मा लावतात. तसं करू नका. आतल्या एलईडीचा प्रकाश काचेवरून परतताना समांतर होतो, त्यामुळे डोळ्याला ठिपका दूरच असतो. दूरचाच चष्मा हवा, सिलिंडरसकट.

तोवर ठिपक्याची चमक कमी करा, नजर लक्ष्यावर ठेवा. आणि नंबर मात्र याच महिन्यात काढून घ्या.