गाडीच्या दाराला पडलेला छोटा पोचा रंग न बिघडवता घरी काढता येतो का?

हो, तुम्ही सांगताय तसा पोचा घरी निघतो, त्यावर प्लास्टिकचा छोटा तुकडा, म्हणजे टॅब, ग्लूनं चिकटवून पत्रा बाहेर खेचायचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार लागलंय, पोचा दोन रुपयांच्या नाण्याएवढा आहे, दाराच्या सपाट भागात आहे, रंग कुठेही फुटलेला नाही, आणि गॅरेजवाला म्हणतोय की अख्खं दार रंगवावं लागेल. एवढ्याशा पोच्यासाठी दार रंगवू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

कारखान्यात नुसती पत्र्याची बॉडी रंगवतात, त्यामुळे वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, 140 अंशांच्या आसपास भट्टीत भाजता येतो. गॅरेजात आलेल्या गाडीला काचा, रबर, वायरी, प्लास्टिक सगळं लागलेलं असतं. तिथे चांगला बूथ, म्हणजे रंगकामाची बंद खोली, असला तरी रंग साधारण 60 अंशांवर वाळवतात, आणि कितीतरी ठिकाणी बूथही नसतो, गाडी उन्हात उभी करतात. शिवाय तुमची गाडी सिल्व्हर आहे. मेटॅलिक शेड जुळवणं चांगल्या पेंटरलाही जड जातं, आणि दोन दारांमधला फरक संध्याकाळच्या उन्हात लगेच डोळ्यात भरतो. मूळ रंग शाबूत असेल तर तो जपायचा.

आधी दोन गोष्टी तपासा. पोच्यावरून नख फिरवा. कुठे बारीक तडा लागला तर खेचताना रंग उडणार हे धरून चाला. दुसरं, हे दार आधी कधी रंगवलंय का? गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे बघाच. फ्रिजवरचा छोटा चुंबक दारावर जागोजागी लावा. रंगाखाली पुट्टी असेल तिथे तो ढिला धरतो किंवा धरतच नाही. पुट्टी असलेल्या दारावर ग्लूनं खेचू नका, पुट्टीसकट रंग हातात येईल.

आता हेअर ड्रायरबद्दल. पोचा तापवायचा आणि वरून बर्फ लावायचा किंवा डबा उलटा धरून गार स्प्रे मारायचा, की टक् करून पत्रा बाहेर, असे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन प्रसरण पावतं. 10 सेंटीमीटरचा भाग 60 अंशांनी तापवला तर तो मिलिमीटरचा जेमतेम चौदावा हिस्सा वाढतो. बोनेटवर किंवा छतावर पसरट, उथळ खळगा असेल आणि पत्रा नुसता दबून अडकला असेल, तर तेवढ्यानं तो कधी कधी सुटतो. दाराच्या धारेनं पडलेला पोचा तसा नसतो, तिथे पत्रा ताणला गेलेला असतो. सिंकच्या पंपाचंही तेच. मोठ्या उथळ खळग्याला पाणी लावून तो छान धरतो, नाण्याएवढ्या पोच्याला उपयोग नाही.

या कामातली खरी गोम कडेला असते. स्टीलच्या डब्याला पोचा पडला की खळग्याभोवती पत्रा किंचित वर आलेला बोटाला लागतो ना, तसंच दारावरही असतं. ती वर आलेली कड खळग्याला धरून ठेवते. नुसतं मध्ये खेचत राहिलात तर मध्यावर टेंगूळ येतं आणि कड तशीच राहते. म्हणून मध्ये थोडं खेचायचं, कड थोडी बसवायची, पुन्हा थोडं खेचायचं.

ही कड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गाडी सावलीत लावा आणि एलईडीची लांब नळी अशी धरा की तिचं प्रतिबिंब रंगात सरळ रेघेसारखं पडेल. मग ती रेघ हळूहळू पोच्यावरून सरकवा. खळग्यापाशी ती आत ओढल्यासारखी होते आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे उलट्या दिशेनं वाकते. ते उलटं वाकणं म्हणजे कड. सगळं काम या रेघेकडे बघत करायचं. पोच्याकडे रोखून बघत राहिलं तर काहीच कळत नाही.

सामान म्हणजे ऑनलाइन मिळणारा ग्लू पुलिंगचा किट. त्यात ग्लू गन, प्लास्टिकचे वेगवेगळ्या आकाराचे टॅब, टॅब वर ओढणारा एक मिनी लिफ्टर किंवा ब्रिज आणि नायलॉनची बोथट टोकाची दांडी असते. जोडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. थिनर मात्र चुकूनही जवळ आणू नका.

दार धुऊन कोरडं करा, आणि वॅक्स किंवा पॉलिशचा थर अल्कोहोलनं पुसून काढा, नाहीतर ग्लू धरणारच नाही. पोच्यापेक्षा थोडा लहान टॅब घ्या, त्यावर ग्लू घालून खळग्याच्या मध्यावर हलकेच टेकवा. दाबून ग्लू बाहेर काढू नका, मध्ये जाडसर थर राहू द्या. दोन-तीन मिनिटं थंड होऊ द्या. हे काम सकाळीच करायचं. एप्रिलच्या दुपारी पत्रा इतका तापलेला असतो की ग्लू घट्टच होत नाही, टॅब घसरतो. मग लिफ्टर लावून हळूहळू ताण द्या. टॅब सुटून आला तरी घाबरू नका. तो सुटायलाच हवा, रंग धरून राहिला हे त्यात आलं. उरलेल्या ग्लूच्या कडेला अल्कोहोलचे थेंब सोडा, अर्धं मिनिट थांबा, तो आपोआप सुटतो. स्क्रू ड्रायव्हरनं किंवा ब्लेडनं खरवडू नका.

आता पुन्हा रेघ बघा. जिथे उंचवटा दिसेल तिथे नायलॉनची दांडी टेकवून छोट्या हातोडीनं अगदी हलके टोले द्या. चमचा ताटलीवर वाजेल इतकेच. दोन टोल्यांनंतर पुन्हा रेघ. दाराचा पत्रा मिलिमीटरच्या पाऊण भागाएवढा जाड असतो, त्याला जोर नको असतो. चार हात लांबून पोचा दिसेनासा झाला आणि फक्त नळीच्या प्रकाशातच जाणवतो, अशा वेळी थांबा. त्यापुढची सफाई सरावाच्या हाताचीच, आणि हट्टानं ओढत राहिलात तर पत्रा आणखी ताणतो.

इन्शुरन्समधून करून घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. पोच्यापुरतं बिलकुल नको. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये तसेही आपल्या खिशातून जातात. वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षी 20 टक्क्यांनी सुरू होऊन पाच वर्षं क्लेम न केल्यास 50 टक्क्यांपर्यंत चढतो. बोनस वाचवणारं वेगळं कव्हर घेतलं नसेल, तर एका क्लेमला तो शून्यावर येतो.

पोचा दाराच्या घडीच्या रेषेवर किंवा अगदी कडेला असता, किंवा पत्र्याला टोकदार घाव असता, तर मी घरी करायला सांगितलं नसतं. दार ॲल्युमिनियमचं असेल, म्हणजे चुंबक कुठेच चिकटत नसेल, तरीही नको. अशा वेळी गॅरेजला 'डेंटिंग-पेंटिंग' न म्हणता 'पीडीआर (पेंटलेस डेंट रिपेअर, म्हणजे रंग न लावता पोचा काढणं) करता का' असं विचारा. पुण्या-मुंबईत, नाशकात असं काम करणारे आहेत, आणि गारपिटीनं छताला पडलेले पोचेही ते रंगाला हात न लावता काढतात. ते दाराच्या आतून लांब सळईनं पत्रा ढकलतात. त्यासाठी कधी कधी दाराचं आतलं पॅड काढावं लागतं. पॅडच्या मागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. पॅड परत बसवण्याआधी तो चहूबाजूंनी नीट चिकटवलाय ना, हे स्वतः उभं राहून बघा, कारण तो अर्धवट राहिला तर पावसाळ्यात काचेवरून दारात उतरलेलं पाणी थेट पायाखालच्या मॅटवर येतं.