पाण्याची लेन

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या, क्रेब्ज चक्र, पेशीचक्रातले चेकपॉइंट, कोणतं कायनेज कुणाला फॉस्फेट चिकटवतं, हे सगळं तू परीक्षेपुरतं घोकतोस आणि पंधरा दिवसांत विसरतोस. वर्गातली बाकीची मुलं घडाघडा म्हणून दाखवतात, तू अडखळतोस. म्हणून हा विषय आपल्यासाठी नाहीच, असं तुझ्या मनाने घेतलंय.

धीर देण्यात कागद घालवत नाही. तू कष्टाळू आहेस, हे तुला माहीत आहे आणि मलाही. मला लागलं ते तुझं एक वाक्य: 'पुस्तकात दिलंय ते खरंच असणार, मग ते कसं शोधलं हे वाचायला वेळ कुठे आहे?' अरे, तू विसरतोस त्याचं मूळ याच वाक्यात आहे. निष्कर्ष तेवढे उचललेस आणि त्यांना धरून ठेवणारं सगळं मागे टाकलंस, तर ते डोक्यात टिकतील कशाच्या आधारावर?

एकच शब्द सांगते. कशावरून? पुस्तकातलं कोणतंही वाक्य घे, त्याला हा प्रश्न विचार आणि उत्तर मिळेपर्यंत पान उलटू नकोस.

डीएनएची नक्कल होताना प्रत्येक नव्या रेणूत एक साखळी जुनी आणि एक नवी असते, हे तू पाठ केलंयस. कशावरून? 1958 साली मेसेल्सन आणि स्टाल यांनी ई. कोलाय जिवाणू कित्येक पिढ्या जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-15 वर वाढवले आणि मग एकदम साध्या नायट्रोजन-14 च्या माध्यमात टाकले. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए प्रचंड वेगाने बराच वेळ फिरवला, की तो आपापल्या घनतेच्या जागी पट्टा होऊन थांबतो. आता पुस्तक मीट आणि पेन्सिल घे. जुना रेणू जसाच्या तसा राहून नवा वेगळा बनत असेल, तर एका पिढीनंतर किती पट्टे दिसायला हवेत? दोन: एक जड, एक हलका. दिसला एकच, मधोमध. ती शक्यता तिथेच बाद झाली. पण जुन्या-नव्याचे तुकडे दोन्ही साखळ्यांत मिसळत असते, तरी पहिल्या पिढीत मधला एकच पट्टा आला असता. म्हणून दुसऱ्या पिढीपर्यंत थांबावं लागलं. मिसळ असती तर एकच पट्टा हलक्या बाजूला सरकला असता. आले दोन, एक मधला आणि एक हलका, निम्मे निम्मे. हे चित्र स्वतःच्या हाताने एकदा काढ. नंतर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील.

आणि पुस्तकात असलेलं खरंच असतं म्हणतोस, तर हे ऐक. 1923 च्या सुमारास थिओफिलस पेंटर यांनी माणसाच्या पेशीत 48 गुणसूत्रं मोजली आणि पुढची तीसेक वर्षं पुस्तकांत 48 च छापलं गेलं. 1952 मध्ये टी. सी. सू यांच्या हाती पेशी फुगवून गुणसूत्रं सुटी पसरवण्याची युक्ती आली. द्रावण चुकून पातळ बनलं होतं, त्यातून ती सापडली. आधी एकमेकांवर चढलेला गुंता दिसायचा, तो मोकळा झाला. एवढं स्वच्छ दिसत असताना त्यांनीही 48 च लिहिली, कारण 48 च असणार हे आधीच ठरलेलं होतं. 1956 मध्ये चियो आणि लेवान यांनी मोजून दाखवलं: 46. तुझ्या-माझ्या पेशींतली गुणसूत्रं कुणी लपवून ठेवली नव्हती. हुशार माणसांच्या डोळ्यांसमोर ती होती. ही गोष्ट वाचली की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो, कारण मीही तेच केलंय.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. पीसीआर करून, म्हणजे डीएनएच्या एका नेमक्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, जेल चालवलं होतं. जेलमध्ये प्रत्येक नमुना आपल्या रांगेत, म्हणजे लेनमध्ये, विजेने पुढे सरकतो आणि तुकडे जिथे थांबतात तिथे पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. अंधाऱ्या खोलीत यूव्हीचा दिवा लावला आणि मला हवे तिथे नारिंगी बँड उमटलेले दिसले, एकामागून एक, सहा लेनमध्ये. सातवी लेन पाण्याची. त्या ट्यूबमध्ये प्रायमर (नक्कल कुठून सुरू करायची ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे), एन्झाइम सगळं असतं, फक्त नमुन्याच्या जागी पाणी घातलेलं असतं, म्हणून तिथे काहीही दिसता कामा नये. तिथेही बँड होता, पुसट, पण बाकीच्यांच्या नेमक्या उंचीवर. दोन दिवसांवर सेमिनार होता. वरच्या वर्षाच्या एकाने सांगितलं, कडेची लेन कापून टाक, फोटो स्वच्छ दिसेल. मी कापली.

आठ महिने मी त्या निकालावर इमारत चढवत गेले. शेवटी कळलं, की प्रायमरच्या ट्यूबमध्येच प्लास्मिडचा, म्हणजे तोच तुकडा असलेल्या डीएनएच्या छोट्या वेटोळ्याचा, अंश मिसळला होता. माझे आठ महिने गेले त्याचं मला फार वाटत नाही. माझ्यामागून आलेल्या एका मुलाने त्याच निकालावर आपलं काम उभं केलं होतं. त्याला काही जमेना, तो स्वतःच्या हाताला दोष देत राहिला आणि वर्षभराने प्रयोगशाळा सोडून गेला. पाण्याच्या लेनबद्दल मी त्याला कधीच सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं.

त्यानंतर मी बदलले. एक पेपर पाठवायच्या बेतात असताना मी अडून बसले: आपण वापरतोय त्या पेशी खरोखर आपण म्हणतोय त्याच आहेत, कशावरून? माझं खूळ म्हणून सोडून देऊ नकोस. 1966 साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं होतं, की वेगवेगळ्या म्हणून प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या 18 पेशीवंशांत एकाच एन्झाइमचा एकच प्रकार सापडतो, म्हणजे बहुधा त्या सगळ्यांत हेला नावाच्या, झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी शिरल्या आहेत. मी तपासणीचा हट्ट सोडला नाही. त्यात जवळपास दीड वर्ष गेलं, तेवढ्यात दुसऱ्या गटाचं तसलंच काम छापून आलं आणि मला मिळू घातलेली जागा हुकली. पेशी बरोबर निघाल्या. म्हणजे तपासलं नसतं तरी चाललं असतं, असं मला पुष्कळांनी ऐकवलं. नसतं चाललं. बरोबर होत्या हे कळलं ते तपासल्यामुळेच. आजही मी तेच करीन, जागा पुन्हा गेली तरी करीन.

असो. माझंच पुराण लांबलं.

संगणकाकडे वळावं का, असं विचारलंयस. खुशाल वळ, तिथेही उत्तम काम आहे. फक्त पळून जाऊ नकोस, कारण हा प्रश्न तिथेही तुझी पाठ सोडणार नाही. डेटाबेसमध्ये एखाद्या प्रथिनापुढे त्याचं काम लिहिलेलं असतं. कशावरून? पुष्कळदा कुणी प्रयोग केलेला नसतो, दुसऱ्या एखाद्या प्रथिनाशी क्रम जुळला म्हणून ते लिहिलेलं असतं. ते माहीत नसलेला माणूस त्यावर काय रचेल?

आणि पाठांतर अजिबात नको, असा सोयीचा अर्थ काढू नकोस. वीस अमिनो आम्लं, त्यांच्या बाजूच्या साखळ्या, कोणावर कोणता भार, हे पाठ हवंच. तिथे कुरकुर चालणार नाही, मुळाक्षरांशिवाय वाचता येत नाही. बाकीच्यासाठी आठवड्याला एक प्रयोग घे. पन्नास पानं डोळ्यांखालून घालण्यापेक्षा एकच आकृती समोर ठेव आणि प्रत्येक लेन तिथे का आहे ते लिही. ती नसती तर कोणती शंका उरली असती, तेही लिही. पहिल्या खेपेला तीन तास लागतील. लागू देत. वर्गातली मुलं घडाघडा म्हणत असतील तर म्हणू देत.

पुढच्या आठवड्यात तुमचं पीसीआरचं प्रॅक्टिकल आहे असं लिहिलंयस. वेळ कमी पडला की पाण्याची ट्यूबच पहिली गाळली जाते, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय. तुझ्या गटात ती तू लाव, सगळ्या नमुन्यांच्या शेवटी. सर विचारतील कशाला, तर सांग. मग मला जेलचा फोटो पाठव. अख्खा पाठव, कडेच्या लेनसकट. तिथे काही दिसलं तर घाबरू नकोस. त्याच दिवशी लिही, कारण दोघांनी मिळून ते शोधायला मला फार आवडेल.

वाट बघते.