येसर म्हणजे काळा मसालाच का?

नाही, आमच्याकडं बीड-लातूरला दोन्हीचे डबे वेगळे असतात. काळ्या मसाल्यात धने, जिरे, खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल असं सगळं खमंग भाजून कुटलेलं. येसरात मसाल्यांबरोबर धान्यही भाजून दळतात: गहू, हरभऱ्याची डाळ, कुणी मूठभर बाजरी नाहीतर ज्वारी. त्या पिठामुळंच येसर आमटी दाटते, वेगळं वाटण लागत नाही. लग्नाच्या पंगतीत ती पातेलंभर करायला सोपी जाते ती यामुळंच.

फक्त उकळत्या पाण्यात कोरडं येसर टाकू नका. मी एकदा घाईत टाकलं आणि बोराएवढ्या गुठळ्या झाल्या, त्या पळीनं फोडत बसले. आधी वाटीभर गार पाण्यात कालवायचं, मग लसणाच्या फोडणीत ओतून ढवळत राहायचं. उकळी आली की आच मंद करा, वर तेलाचा तवंग दिसेपर्यंत.

दगडफूल मात्र बेतानं. हातात घेतलं तर वाळक्या पापुद्र्यासारखं, वासही जेमतेम. गरम तेलात पडलं की घरभर दरवळतं. जास्त झालं की आमटी कडवट लागते. आणि गोडा मसाला घालून 'येसर आमटी' म्हणू नका बुवा, तो पुण्याकडचा प्रकार!