साकुराबाच्या कुस्त्या ‘ठरलेल्या’ होत्या, तर मग त्याने ग्रेसींना हरवलं कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: काझुशी साकुराबा हा जपानी प्रो-रेसलर, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या निकाल आधीच ठरलेल्या कुस्त्या करणारा गडी. मग त्याने ब्राझीलच्या ग्रेसी या जु-जुत्सूच्या (जमिनीवर पकडी लावून लढायच्या) घराण्यातल्या चौघांना खरोखर हरवलं, की तीही नुरा कुस्तीच?

नुरा नव्हती. प्राइड या ठोसे, लाथा आणि पकडी सगळं चालणाऱ्या जपानी स्पर्धेतल्या काही लढतींवर संशय घ्यायला जागा आहे, हे मान्य. १९९९ची प्रो-रेसलर ताकादा विरुद्ध अमेरिकन पैलवान मार्क कोलमन ही लढत बघा, तुम्हालाच शंका येईल. पण साकुराबाने रेन्झो ग्रेसीचा हात पिरगळला तेव्हा कोपर कॅमेऱ्यासमोर निखळला. ठरवून कुणी आपला कोपर निखळवून घेत नाही.

मी अंडरटेकरचे पत्ते खेळत वाढलेल्या पिढीतला. ‘ते सगळं खोटं असतं रे’ हे कळलं त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. त्यामुळे साकुराबाबद्दल मी जरा हळवा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचा जन्म १९६९चा, जपानच्या उत्तरेकडच्या अकिता प्रांतातला. लहानपणी टायगर मास्क नावाच्या मुखवटेवाल्या रेसलरने त्याला वेड लावलं. पण तो थेट त्या धंद्यात शिरला नाही. आधी शाळेत आणि मग टोकियोच्या चुओ विद्यापीठात त्याने खरी, ऑलिंपिकमध्ये असते तशी कुस्ती केली. नंतर शिक्षण अर्धवट सोडून तो नोबुहिको ताकादाच्या यूडब्ल्यूएफआय या कंपनीत दाखल झाला आणि १९९३मध्ये पहिल्यांदा रिंगणात उतरला. पहिलीच लढत हरला. पुढची काही वर्षंही तो पोस्टरवर खालच्या ओळीत नाव असलेलाच राहिला.

आता खरी गोम. या कंपनीत निकाल ठरलेला असे, पण लाथा खऱ्या बसत आणि पकडी खऱ्या असत. तालमीत तर सगळंच खरं. तिथे शिकवायला बिली रॉबिन्सन नावाचा इंग्रज वस्ताद होता. इंग्लंडमध्ये विगन नावाचं खाणकामगारांचं गाव आहे, तिथल्या बिली रायलीच्या आखाड्यात तो घडलेला. त्या परंपरेला ‘कॅच’ म्हणतात. समोरच्याचं मनगट एका हाताने धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून स्वतःच्याच मनगटाला अडकवायचा आणि त्याचा हात पाठीमागे पिळत न्यायचा, हा त्यातला ठेवणीतला डाव. विगनमध्ये त्याचं नाव डबल रिस्टलॉक. बाकी जग त्याला ‘किमुरा’ म्हणतं, आणि हे नाव कुठून आलं ते ऐकण्यासारखं आहे. १९५१मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरा या जपानी जुडोपटूने याच डावाने एलिओ ग्रेसीचा हात मोडला. एलिओ हार मानेना, शेवटी त्याच्या बाजूच्या लोकांनीच लढत थांबवली. ज्या घराण्याने आपल्या पराभवाला जिंकणाऱ्याचं नाव देऊन ते जपलं, त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीला साकुराबाने त्याच डावात पकडलं.

तो तिथवर पोहोचला मात्र योगायोगाने. १९९७ सालापर्यंत जपानी प्रो-रेसलिंगची अब्रू पार गेली होती. कंपनीतला योजी आंजो १९९४च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसला जाऊन रिक्सन ग्रेसीच्या जिममध्ये मार खाऊन आला. खुद्द ताकादा ऑक्टोबर १९९७मध्ये टोकियो डोममध्ये रिक्सनसमोर पाच मिनिटंही टिकला नाही. (ब्राझीलमध्ये ‘रिक्सन’ला ‘हिक्सन’ आणि ‘रॉयस’ला ‘होयस’ म्हणतात. मी आपला सवयीने ‘र’च लिहितोय.) त्याच डिसेंबरात योकोहामाला यूएफसीची, म्हणजे प्राइडसारख्याच अमेरिकन लढतींची, स्पर्धा भरली. एक सहकारी जखमी झाला म्हणून ऐनवेळी साकुराबाला घातलं, तेही त्याच्याहून कितीतरी वजनदार पैलवानांच्या गटात. समोर मार्कस सिल्वेरा. ठोशांच्या माऱ्यातून साकुराबा पटात घुसायला खाली वाकला आणि पंचाला वाटलं, गडी बेशुद्ध पडला. लढत थांबवली. साकुराबा रिंगणातून हलायलाच तयार नाही. अखेर निकाल रद्द झाला आणि त्याच रात्री दोघांना पुन्हा उतरवलं. साकुराबाने हात लॉक करून पावणेचार मिनिटांत निकाल लावला. माइक हातात आल्यावर तो म्हणाला, प्रो-रेसलर खरं तर ताकदवान असतात. जपानमध्ये हे वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे.

प्राइडमध्ये समोर आलेल्या ग्रेसींपैकी पहिला रॉयलर, नोव्हेंबर १९९९. इथे ग्रेसींची तक्रार अगदीच खोटी नव्हती. रॉयलर वजनाने बराच हलका होता, त्याचा हात किमुरात अडकला होता पण त्याने हार मानली नव्हती, आणि पंचाने मधेच लढत संपवली. त्यामुळे १ मे २००० रोजी रॉयस आला तो अटी घेऊनच: पंचाने थांबवायचं नाही, आणि निकाल लागेपर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या चालू ठेवायच्या.

साकुराबा प्रो-रेसलर होता हे या लढतीत कसं कामाला आलं ते दिसतं. टोकियो डोममध्ये एकसारखे मुखवटे घातलेले तिघे चालत आले. त्यातला साकुराबा कोण ते कुणालाच कळेना. लढतीत रॉयसने मान आवळलेली असताना हा पठ्ठ्या त्याच्या जुडोच्या पायजम्याला हात घालून तो खाली ओढायला लागला. प्रेक्षक हसून बेजार. रॉयस पाठीवर पडून पाय वर करून वाट बघत राहिला, की साकुराबा त्याच्या पायांवर लाथा मारी, दोन्ही हात एकदम खांद्यांवर आपटी. हे सगळे प्रो-रेसलिंगचे नखरे. पण तेवढ्या वेळात समोरचा थकतो, चिडतो, आणि याला मात्र दम खायला मिळतो. सहा फेऱ्या, दीड तास. सातवीच्या आधी रॉयसच्या बाजूने हार मानल्याची खूण म्हणून टॉवेल पडला. तेव्हा शहाऐंशी वर्षांचा एलिओ तिथेच होता.

आणि याच रात्री साकुराबा त्याच स्पर्धेतल्या पुढच्या लढतीसाठी पुन्हा उतरला. समोर इगोर वोवचानचिन, त्या काळातला सगळ्यात भयंकर ठोसेबाज. साकुराबा पंधरा मिनिटं उभा राहिला, मग त्याच्याच लोकांनी त्याला बाहेर काढलं. ऑगस्टमध्ये रेन्झो. शेवटची काही सेकंदं उरलेली, रेन्झोने पाठीमागून कमरेला मिठी घातली आणि तिथेच हात गमावला. साकुराबाने मनगट धरलं, गर्रकन फिरला, कोपर गेला. रेन्झोने हार मानली नाहीच, पण उठल्यावर सगळ्यांसमोर साकुराबाचं कौतुक केलं. चौथा रायन, डिसेंबरमध्ये. त्यावर वेगळं लिहावं असं काही नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मार्च २००१मध्ये वांदरलेई सिल्वाने त्याला ९८ सेकंदांत लोळवलं. नोव्हेंबरात पुन्हा, २००३मध्ये तिसऱ्यांदा. २००२मध्ये मिर्को क्रोकॉपविरुद्धच्या लढतीत डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. मूळचा ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा माणूस, आणि आयोजक त्याला कायम मोठ्यांच्या पुढ्यात उभा करत राहिले, कारण तिकिटं त्याच्या नावावर खपत. मला हे प्रकरण आजही खुपतं. २००६मध्ये स्मिर्नोवासविरुद्ध तो जवळजवळ बेशुद्ध असताना पंचाने लढत चालू ठेवली, आणि त्यातून उठून साकुराबा जिंकलासुद्धा. लोक ही लढत महान म्हणून पाठवतात. मी एकदाच पाहिली, पुन्हा पाहणार नाही.

त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला अकियामाविरुद्ध तो पंचाला ओरडून सांगत होता, ‘निसटतंय, निसटतंय!’ अकियामाने अंगाला लोशन लावलं होतं. आपल्याकडे पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात ती पकड निसटू नये म्हणूनच, तेव्हा यातली लबाडी तालमीत गेलेल्याला समजावून सांगायला नको. निकाल नंतर रद्द झाला. २००७मध्ये रॉयसने परतफेड केली, गुणांवर, आणि मग त्याच्या चाचणीत स्टेरॉइड सापडलं.

शेवटी आकडे २६ विजय, १७ पराभव, एक बरोबरी आणि दोन रद्द असे आहेत. त्यातले बरेच पराभव उतारवयातले. २०१२पासून तो पुन्हा ठरलेल्या कुस्त्यांकडे वळला, २०१७मध्ये यूएफसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि २०१८मध्ये त्याने क्विंटेट सुरू केलं: पाच विरुद्ध पाच, ठोसे-लाथा नाहीत, जिंकेल तो रिंगणात राहून पुढच्याला घेणार.

तुम्हाला बघायचंच असेल तर रॉयसची लढत एका बैठकीत बघायला जाऊ नका, मधे झोप लागेल. पहिल्या फेरीची शेवटची दोन मिनिटं बघा, साकुराबाने गुडघा धरलाय आणि घंटा वाजेपर्यंत रॉयस कसाबसा तग धरतो. मग थेट रेन्झोची लढत लावा, ती मात्र अख्खी.